तुम्ही विचारलंत म्हणून: एआयने काढलेले रेफरन्स चालतील का?

“मॅडम, रेफरन्स एआयने काढलेत. चालतील ना?”

वैद्यकीय ग्रंथालयाच्या टेबलावर हल्ली सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. थिसिसच्या घाईतले रेसिडेंट विचारतात, पेपर पाठवायच्या आदल्या दिवशी प्राध्यापक विचारतात. अधूनमधून कुणीतरी तोच प्रश्न उलटा करून टाकतं: “आता हे सगळं मिनिटात निघतं, मग तुमच्याकडे कशाला यायचं?” दोघांनाही माझं उत्तर एकच आहे. काही शोधून काढायचं असेल तर एआय खुशाल वापरा. ‘यावर काहीच झालेलं नाही’ असं म्हणायचं असेल, तर त्याच्या भरवशावर म्हणू नका.

वैद्यकात ‘नाही’ हे फार जड उत्तर आहे. या औषधाने फुप्फुसांना इजा झाल्याची नोंद नाही. या दोन उपचारांची थेट तुलना अजून कुणी केलेली नाही. अशा एखाद्या ‘नाही’वर एथिक्स कमिटी परवानगी देते, अनुदान मंजूर होतं, माणसांवर चाचणी सुरू होते. त्यामुळे ते म्हणणाऱ्याला कुठे कुठे पाहिलं, कोणत्या शब्दांनी पाहिलं आणि कोणत्या सालापर्यंत मागे गेलो, हे सांगता यायला हवं.

2001 सालचं एक प्रकरण आमच्या व्यवसायात आजही शिकवताना सांगितलं जातं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या दम्यावरच्या एका अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांना हेक्झामेथोनियम हे औषध श्वासावाटे दिलं गेलं आणि त्यात 24 वर्षांची एक स्वयंसेविका दगावली. संशोधकाने आधी पबमेड, म्हणजे वैद्यकीय लेखांची ऑनलाइन सूची, पाहिली होती. पण तेव्हाचं पबमेड 1966 पर्यंतच मागे जात होतं. हेक्झामेथोनियम त्याआधी रक्तदाबावर दिलं जायचं, आणि फुप्फुसांना इजा झाल्याच्या नोंदी होत्या 1950 च्या दशकातल्या. म्हणजे पबमेडने चुकीचं काही सांगितलं नव्हतं. त्याच्या कुंपणाच्या आत जेवढं होतं तेवढं त्याने दाखवलं. कुंपण कुठे संपतं हे पाहायचं राहून गेलं.

त्या कुंपणाचं साल निदान कुठेतरी लिहिलेलं होतं. आजच्या एआय साधनांचं कुंपण सहसा दिसतच नाही. इलिसिट किंवा कन्सेन्सससारखी लेख शोधून देणारी साधनं सिमँटिक स्कॉलरसारख्या लेखांच्या मोठ्या साठ्यांवर चालतात. साठा मोठा आहे, यात वाद नाही. पण जो लेख पैसे भरल्याशिवाय उघडत नाही, त्याचा बऱ्याचदा फक्त ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे सुरुवातीचा सारांश, त्यांच्या हाती असतो. दुष्परिणामांचे आकडे ॲबस्ट्रॅक्टमध्ये क्वचितच पूर्ण येतात, ते आत तक्त्यांमध्ये असतात. शिवाय ही साधनं तुमच्या प्रश्नाच्या अर्थाशी जवळ जाणारे लेख वर आणतात, आणि सगळ्यात जवळचं असं काहीतरी नेहमीच असतं. तुमच्या प्रश्नावर एकही लेख नसला तरी शेजारच्या प्रश्नावरचे दहा लेख नीट रचून समोर ठेवले जातात, वर एक गुळगुळीत परिच्छेद. रिकाम्या हाताने परत यायची सवयच त्यांना नाही.

नुसत्या चॅटबॉटची तर बातच सोडा. तो रिकाम्या हाताने येण्यापेक्षा लेख तयार करून आणतो. बनावट रेफरन्स जवळून पाहिलेत तर त्यातली सफाई लक्षात येईल. लेखकांची नावं खरी, त्याच विषयात काम करणाऱ्यांची. जर्नल खरं. शीर्षक असं, की हा लेख कुणीतरी लिहायलाच हवा होता. डीओआय, म्हणजे लेखाचा ऑनलाइन ओळख क्रमांक, टाकला की एक तर काही उघडत नाही, नाहीतर भलतंच उघडतं. पबमेडच्या स्वतःच्या क्रमांकाचा, म्हणजे पीएमआयडीचा, सापळा त्याहून बेरकी. तो नुसता क्रमांक असतो आणि पबमेडमध्ये 3 कोटी 70 लाखांहून जास्त नोंदी आहेत, त्यामुळे मनाने ठोकून दिलेला आठ आकडी क्रमांकसुद्धा कुठल्यातरी खऱ्या लेखावर जाऊन थांबू शकतो. लिंक उघडली म्हणजे लेख आहे, असं समजून माणूस शीर्षक न वाचताच पुढे जातो.

मी आधी खंड आणि साल जुळतात का ते पाहते. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनचे वर्षाला दोन खंड निघतात आणि 1980 च्या जानेवारीत 302 वा खंड चालू होता. कुणी 1980 सालापुढे 315 वा खंड लिहून आणला, तर पुढचं काही बघायची गरज उरत नाही. ते जुळलं तर त्या अंकाची अनुक्रमणिका उघडायची आणि दिलेल्या पानावर काय छापलंय ते पाहायचं. बनावट रेफरन्सच्या पानावर बहुधा दुसऱ्याच कुणाच्या लेखाचा मधला तुकडा असतो. एक सावधगिरी इथेच सांगते: गूगल स्कॉलरवर शीर्षक दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. एखाद्या लेखाचा कुणाच्या संदर्भयादीत नुसता उल्लेख असला, तरी स्कॉलर ‘सायटेशन’ असा शिक्का मारून त्याची वेगळी नोंद दाखवतं. एकाने न तपासता छापलेला बनावट रेफरन्स अशा रीतीने दुसऱ्याला खरा दिसू लागतो.

खऱ्या साठ्यात शोधून उत्तर देणाऱ्या साधनांमध्ये हा प्रकार बराच कमी आहे. तिथे घोळ वेगळा होतो. लेख खरा असतो, पण त्याच्या नावावर टाकलेलं विधान त्यात नसतं, किंवा असतं ते फार मर्यादित अर्थाने. आणि इथे यंत्राला नावं ठेवण्याआधी आपण जरा आरशात पाहिलेलं बरं. 1980 च्या त्याच 302 व्या खंडात संपादकांना लिहिलेलं पाच वाक्यांचं एक पत्र आहे. रुग्णालयात दाखल असताना अफूवर्गीय वेदनाशामक मिळालेल्या 11,882 रुग्णांपैकी, आधी व्यसनाचा इतिहास नसलेल्या फक्त चौघांना व्यसन लागल्याची नोंद सापडली, एवढाच त्याचा आशय. घरी गेल्यावर महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्यात अवाक्षर नाही. तरी पुढची कित्येक वर्षं ते ‘या औषधांचं व्यसन क्वचितच लागतं’ याचा पुरावा म्हणून दिलं गेलं. 2017 मध्ये त्याच जर्नलमध्ये याची मोजदाद छापून आली. पत्राचे 608 उल्लेख सापडले होते, आणि त्यातल्या सुमारे 81 टक्के लेखांनी हे रुग्ण दवाखान्यात दाखल होते हे सांगितलंच नव्हतं. यातलं काहीही एआयने केलेलं नव्हतं. डॉक्टरांनी, संशोधकांनी, पत्र न उघडता केलं होतं. आता विचार करा, असे शेकडो उल्लेख पचवून ‘संशोधकांचं यावर एकमत आहे’ असं सांगणारं साधन आपल्या हातात आलं की काय होईल. उल्लेखांची संख्या मोजून विश्वासार्हता दाखवणाऱ्या कुठल्याही पट्टीकडे मी म्हणूनच जरा संशयानेच बघते.

मागे घेतलेल्या पेपरांचं दुखणंही याच जातीचं. 22 मे 2020 ला लॅन्सेटमध्ये कोविडच्या रुग्णांना हायड्रॉक्सिक्लोरोक्विन देण्यावरचा एक भला मोठा अभ्यास आला. तीन दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेने त्या औषधाची स्वतःची चाचणी तात्पुरती थांबवली. 4 जूनला पेपरच मागे घेतला गेला, कारण सर्जिस्फिअर या कंपनीने मूळ डेटा त्रयस्थांना तपासायला दिला नाही. पबमेडवर आज तो उघडला की ठळक इशारा दिसतो. पण पेपर आधी वाचून बसलेल्या एआय मॉडेलला नंतरचा इशारा आपोआप कळत नाही. मागे घेतलेल्या पेपरांची नोंद ठेवणारा रिट्रॅक्शन वॉचचा डेटाबेस क्रॉसरेफ या डीओआय देणाऱ्या संस्थेने 2023 मध्ये घेतला आणि सगळ्यांना खुला केला. रेफरन्स सांभाळणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर मागे घेतलेला पेपर तुमच्या यादीत आला की ते स्वतःहून लाल पट्टी दाखवतं. झोटेरो फुकट आहे, आणि तरी निम्मे लोक रेफरन्स वर्ड फाइलमध्ये हाताने टाइप करत बसतात. असो.

एवढं ऐकल्यावर समोरच्याला वाटतं की बाईंना यंत्राचं वावडं आहे. तसं अजिबात नाही. ज्या मेश शीर्षकांचा, म्हणजे लेखांचा विषय सांगणाऱ्या ठरावीक संज्ञांचा, मी दिवसभर जप करते, ती लेखांना लावायचं काम 2022 पासून अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनमध्ये मुख्यतः अल्गोरिदम करतो आणि माणसं निवडक नोंदी तपासतात. पबमेडच्या निकालांचा ‘बेस्ट मॅच’ हा क्रमही यंत्रच लावतं. फरक इतकाच, की तिथे यंत्राने काय केलं ते मला उघडून बघता येतं. पबमेडमध्ये ‘पेथिडीन’ टाका आणि ॲडव्हान्स्ड पानावर हिस्टरीतले ‘डिटेल्स’ उघडा. त्याने तुमच्या शब्दाला ‘मेपेरिडीन’ हे मेश शीर्षक आपणहून जोडलेलं दिसेल. ‘साल्ब्युटामोल’ टाकलंत तर ‘अल्ब्युटेरॉल’. ही एकेका औषधाचीच दोन नावं. पटलं नाही तर काढून टाकता येतं. एकूण किती लेख आले तो आकडा समोर असतो. तोच शोध दुसऱ्या कुणी दुसऱ्या ठिकाणी चालवला, तर मधल्या काळात भर पडलेले लेख सोडून तेच हाती लागायला हवं. चॅटबॉटला तोच प्रश्न संध्याकाळी विचारा, यादी वेगळी येईल. सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास ठरलेल्या पद्धतीने गोळा करून आढावा घेणाऱ्याला ते परवडत नाही. 2021 च्या प्रिझ्मा-एस नियमावलीत शोध कसा केला हे नोंदवायचे 16 मुद्दे आहेत, आणि त्यात डेटाबेसचं नाव, चालवलेली ओळ जशीच्या तशी, तारीख हे सगळं लागतं. “एआयला विचारलं” या उत्तराने त्यातले फारच थोडे भरले जातात.

मी स्वतः एआय वापरते ते मुख्यतः शब्द गोळा करायला. एका आजाराला लोक किती नावांनी ओळखतात, जुनी नावं कोणती, संक्षेप कोणते, हे त्याला विचारलं की भराभर सांगतं, आणि मला न सुचलेला एखादा शब्द त्यात हमखास असतो. सर्च स्ट्रॅटेजीचा, म्हणजे डेटाबेसमध्ये चालवायच्या शोधाच्या ओळींचा, कच्चा खर्डाही चांगला लिहितं. मात्र तो तसाच चालवायचा नाही. त्यात अस्तित्वातच नसलेली मेश शीर्षकं घुसलेली असतात, दिसायला अगदी अस्सल. दहा शब्द ‘ऑर’ने, म्हणजे ‘किंवा’ने, जोडलेले असताना त्यातलं एक शीर्षक खोटं असलं, तर एकूण आकड्यावरून काहीही कळत नाही. निकाल येतातच, फक्त त्या शीर्षकाने जे यायला हवं होतं ते येत नाही. म्हणून प्रत्येक ओळ सुटी चालवायची. शून्य आलं की ती ओळ मेश ब्राउझरमध्ये नेऊन तपासायची. शेवटी स्ट्रॅटेजी दुसऱ्या ग्रंथपालाला दाखवायची. याला आम्ही प्रेस (PRESS) तपासणी म्हणतो आणि ती एआयच्या कितीतरी आधीपासून आहे. हे किचकट आहे, वेळ खातं, आणि मला विचाराल तर याच कामाला माणूस लागतो.

हजारो शीर्षकं चाळताना कामाचे लेख वर आणणारी रेयान, एएसरिव्ह्यूसारखी साधनंही उपयोगी आहेत. तिथे तुमच्या हो-नाहीवरून ते शिकतं आणि गठ्ठा तुम्हीच आणलेला असतो. कुठे थांबायचं हा प्रश्न मात्र तिथेही तुमच्याच गळ्यात पडतो, आणि तो निर्णय आधी लिहून ठेवलेला बरा.

दोन गोष्टी उभ्या उभ्या सांगते, कारण त्या कुणी विचारत नाही. रुग्णाची केस हिस्टरी सार्वजनिक चॅटबॉटमध्ये पेस्ट करू नका, नाव काढलं असलं तरी. आणि ग्रंथालयाच्या वर्गणीतून मिळालेल्या पीडीएफ बाहेरच्या एआय साधनात चढवण्याआधी परवाना बघा किंवा आम्हाला विचारा. बऱ्याच प्रकाशकांना ते मान्य नसतं.

तर, एआयने काढलेली यादी घेऊन अवश्य या. येताना मूळ प्रश्न काय विचारला होतात, कोणत्या साधनाला आणि कधी, ते टिपून आणा. यादीतला प्रत्येक लेख निदान एकदा उघडलेला असावा. पेपर लिहिताना एआय कशासाठी वापरलं ते जर्नल सांगेल त्या जागी स्पष्ट नोंदवा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. लपवलेलं मात्र नंतर महागात पडतं. एआयने लिहिलेला मजकूर मूळ संदर्भ म्हणून देणं आयसीएमजेईला, म्हणजे वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीला, मान्य नाही. चॅटबॉटचं नाव लेखकांच्या यादीतही घालू नका. 2023 च्या सुरुवातीला काही पेपरांत ते घातलं गेलं होतं. त्याच वर्षी आयसीएमजेईने सांगून टाकलं की मजकुराची जबाबदारी त्याला घेता येत नाही, तेव्हा लेखकही होता येणार नाही. संपादकाने शंका काढली तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल, आणि त्या वेळी शोधाची फाइल हवी असेल तर ती आमच्याकडे तारखेसकट ठेवलेली असते.