अश्मीभूत लाकडातल्या ‘बिया’

अश्मीभूत, म्हणजे दगड झालेल्या, लाकडाच्या घासून चकाकी आणलेल्या चकतीत दाणेदार ठिपके दिसले की पाहणारा त्यांना हटकून बिया म्हणतो. मीही बराच काळ तेच म्हणत होतो. माझ्या संग्रहातल्या एका तपकिरी चकतीत बोटभर लांबीची पोकळी अशाच दाण्यांनी गच्च भरलेली आहे. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली ती धरली, तेव्हा आडव्या कापलेल्या दाण्यांना सहा बाजू दिसल्या आणि उभे कापलेले दाणे लांबट, टोकांशी गोलसर निघाले. एक मिलिमीटरच्या आसपासचे हे दाणे म्हणजे वाळवीच्या लेंड्या होत. कोरड्या लाकडात राहणारी वाळवी विष्ठेतले पाणी शेवटच्या थेंबापर्यंत पिळून घेते आणि त्या दाबाने लेंडीला सहा बाजू येतात. पुढे लाकूड गाडले जाऊन त्यात सिलिका, म्हणजे गारेचे खनिज, मुरली, तेव्हा तो आकारही दगडात टिकला. सूक्ष्म कोळीवर्गीय माइट प्राण्यांची विष्ठाही अशी सापडते, पण ती याहून कितीतरी बारीक आणि अंडाकृती असते.

तेव्हापासून मी रंगाकडे शेवटी पाहतो. आधी पाहतो ते लाकडाच्या रेषांकडे. वार्षिक वलये एखाद्या ठिपक्याला वळसा घालून जात असतील, तर तो झाड जिवंत असतानाचा, बहुधा फांदीच्या गाठीचा असतो. वलये मध्येच तुटत असतील, तर ती जागा नंतर कोणी पोखरलेली किंवा तडकलेली असते. रेषा डागातून अखंड पुढे जात असतील, तर तो केवळ रंग असतो: लाल-पिवळा बहुधा लोहाचा, काळा अनेकदा मँगनीजचा. बुरशीने कुजवलेल्या जागा मात्र फसवतात, कारण त्या रेषांच्या दिशेनेच लांबट होतात आणि त्यांच्या कडा विरलेल्या असतात.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या क्रेटेशियस काळातील, म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या कालखंडातील, ‘पीनट वुड’ या अश्मीभूत लाकडामध्ये शेंगदाण्यासारखे पांढरे ठिपके दिसतात, तेही असेच पोखरलेल्या जागांचे. समुद्रात वाहत गेलेले ते लाकूड किड्यासारख्या दिसणाऱ्या, पण शिंपल्यांच्या गटातल्या प्राण्यांनी पोखरले, आणि ती भोके तळाच्या फिकट गाळाने भरली. त्या गाळात रेडिओलेरिया या सूक्ष्म जीवांची सिलिकेची कवचे असतात.

खनिज ओळखणे त्या मानाने सोपे. 1 ते 10 च्या मापात सिलिकेची कठीणता सुमारे 7, चुनखडीतल्या कॅल्साइट या खनिजाची 3, म्हणून पोलादी टोकाने कॅल्साइटवर ओरखडा उठतो आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबाने ते फसफसते. हा थेंब चकतीच्या मागच्या बाजूलाच टाकावा. मी एकदा पुढच्या बाजूला टाकला आणि चकाकी उतरलेला तो डाग अजून तसाच आहे. भेगेच्या पृष्ठभागावर नेच्यासारखी काळी नक्षी पसरलेली असेल, तर वनस्पती सापडल्याचा आनंद जरा आवरावा. बहुतेक वेळा ती मँगनीजच्या ऑक्साइडांची नक्षी असते, आणि तिच्यात पानाची मधली शीर शोधूनही सापडत नाही.