स्क्रीन काळी, पण पीसी जिवंत

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून नातेवाईकांत मी एकदम कामाचा माणूस झालोय, जो तो घरातला जुना डबा बाहेर काढून विचारतो की ह्यात लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) टाकून देशील का. त्यातला मालवणच्या मामाचा डेस्कटॉप सगळ्यात हट्टी निघाला. कोअर टू ड्युओ, 4 जीबी रॅम, एक जुनं ग्राफिक्स कार्ड आणि साडेअठरा इंची मॉनिटर. पेनड्राईव्हवर लिनक्स मिंटचं एक्सएफसीई हे हलकं व्हर्जन नेलं होतं कारण एवढ्या जुन्या मशीनवर मिंटचा जड सिनॅमन डेस्कटॉप नकोच.

बूट मेनू व्यवस्थित दिसला, एंटर मारलं, लोगो आला आणि काळोख. "अरे, ही काळीच रवली मरे!" इति मामा.

तर अशा वेळी लगेच पॉवर बटण दाबून बसू नका. आधी कीबोर्डवरचं नम लॉक दाबून बघा, त्याचा दिवा चालू-बंद होत असेल तर मशीन बहुतेक जिवंत आहे, फक्त चित्र येत नाहीये. कंट्रोल-आल्ट-एफ2 दाबून नुसती अक्षरांची लॉगिन स्क्रीन आली तर आणखी बरं, म्हणजे गडबड फक्त डेस्कटॉपच्या बाजूला आहे. इथे दिवा लागत होता पण अक्षरं काही येईनात.

होतं काय की बूट मेनूपर्यंत बायोसने दिलेल्या साध्या मोडवर चित्र दिसतं, मग कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ग्राफिक्सचा ताबा स्वतःकडे घेतो आणि रिझोल्युशन ठरवतो, जुनं कार्ड नेमकं तिथेच गचकतं. उपाय म्हणजे ग्रब मेनूत (तोच तो बूट मेनू) ई दाबायचं, 'लिनक्स' (linux) ने सुरू होणारी ओळ शोधायची, 'क्वाएट स्प्लॅश' (quiet splash) च्या जागी 'नोमोडसेट' (nomodeset), म्हणजे रिझोल्युशन तू ठरवू नकोस असा कर्नलला हुकूम, लिहायचं आणि एफ10. मिंटच्या मेनूत कंपॅटिबिलिटी मोड असतो तोही हेच करतो. चित्र आलं, इंस्टॉलेशन झालं.

पण बरेच लोक इथेच थांबतात आणि मग लिनक्स स्लो आहे म्हणून बोंबलतात! नोमोडसेट म्हणजे कुबडी आहे. कार्डाचा खरा ड्रायव्हर चालूच होत नाही, सगळं चित्र प्रोसेसर काढत बसतो, आणि एक्स-रँडर (xrandr) कमांडने रिझोल्युशन बदलायला जावं तर गॅमा साईझ मिळत नाही असं काहीतरी बडबडतो. त्यावर डोकं आपटू नका, नोमोडसेट आहे तोवर ते होणार नाही.

मी कॅबिनेट उघडलं तर कार्डाचा पंखा गंजून जाम. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर घर, खारी हवा, त्यात चार महिने पाऊस, दुसरं काय होणार. मदरबोर्डवर इंटेलचं ऑनबोर्ड ग्राफिक्स होतंच, मग कार्ड काढून बाजूला ठेवलं, रॅमचे कॉन्टॅक्ट खोडरबराने पुसले (हे कोकणात दरवर्षी करावं असं माझं मत), केबल ऑनबोर्ड पोर्टला लावली, ग्रबच्या सेटिंगमध्ये नोमोडसेट राहिलेला नाही ना ते बघितलं आणि चालू. सरळ डेस्कटॉप.

आता फक्त अक्षरं फताडी. 1366 बाय 768 चा मॉनिटर आणि लिस्टमध्ये जास्तीत जास्त 1024 बाय 768. हे दिसलं की ड्रायव्हरच्या मागे लागण्याआधी केबल बघा. मॉनिटर स्वतःची माहिती, म्हणजे ईडीआयडी, व्हीजीए केबलच्या 12 आणि 15 नंबरच्या पिनांवरून पाठवतो, त्या पिना गंजल्या किंवा तुटल्या तरी रंग अगदी मस्त दिसतात पण समोर कुठला मॉनिटर आहे हे कर्नलला कळतच नाही, मग तो अंदाजाने 1024 धरून चालतो. सीव्हीटी कमांडने मोड बनवून एक्स-रँडरमध्ये घालता येतो, पण 1366 मागितलं की ती 1368 देते, कारण तिला 8 ने भाग जाणारा आकडा लागतो, आणि मग कडेला दोन पिक्सेल इकडेतिकडे. चालतं, पण बाजारातून दुसरी केबल आणणं सोपं. आणली, लावली, 1366 आपोआप आलं.

विंडो सरकवताना जरा फाटल्यासारखं दिसत होतं म्हणून विंडो मॅनेजर ट्वीक्समध्ये जाऊन कंपोझिटिंग (विंडोंच्या सावल्या वगैरे इफेक्ट) चालू-बंद करून बघितलं, ह्या मशीनवर बंद बरं वाटलं. आता मामा लाईटबिल भरतो, भजनं ऐकतो. यूट्यूब मात्र 480 वरच ठेव म्हणून सांगून आलोय, त्याच्या ह्या जुन्या मशीनला एचडी व्हिडिओ झेपत नाही, त्याला लिनक्स तरी काय करणार.