लाल ठिपक्याने केलेला पोपट

आजचा अख्खा दिवस एका लाल ठिपक्याने खाल्ला. खनिजं हुडकायला विमानातून केलेल्या चुंबकीय सर्वेक्षणाच्या नकाशात (लाल म्हणजे जोरदार चुंबकत्व) तो असा ठसठशीत उठला होता, की मी मनातल्या मनात तिथे बोअरसुद्धा मारून टाकलं. दुपारी सहज उपग्रहचित्र शेजारी लावलं, तर त्या जागी पत्र्याची भलीमोठी शेड! घ्या.

चूक घाईचीच. विमान शेपटीला मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्राचा मापक, लावून, शेत नांगरावं तसं समांतर रेषांत कमी उंचीवरून उडतं. त्या मापकाला मॅग्नेटाइट (लोखंडाचं चुंबकीय खनिज) काय नि पत्रा काय, सारखंच. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण २५,००० ते ६५,००० नॅनोटेस्ला, आणि त्यात आम्ही कधी कधी पाच-दहाचा फरक हुडकतो. सूर्याच्या प्रभावाने हे क्षेत्र दिवसभरात त्याहून जास्त हलतं. म्हणून जमिनीवर दुसरा मापक ठेवून ती हालचाल वजा करायची.

लोकांना वाटतं विमानातून सोनं दिसतं. अहो, सोनं-तांबं चुंबकाला दादच देत नाही! दिसतात ते मॅग्नेटाइट असलेले खडक, भ्रंश (खडकांतल्या सरकलेल्या भेगा), डाइक (भेगेत शिरून थिजलेल्या लाव्ह्याच्या भिंती). म्हणजे चोर नाही, पावलांचे ठसे. ऑस्ट्रेलियातल्या ऑलिंपिक डॅमला (नावात धरण असलं तरी ही तांब्याची मोठी खाण) १९७५ साली बोअर मारलं, ते गुरुत्व आणि चुंबकीय अशा दोन्ही नकाशांतल्या खुणांवरून. खनिज होतं सुमारे साडेतीनशे मीटर खडकाखाली. वरून कुणाला काय कळणार होतं?

शेडच्या ईशान्येला एक पुसट, लांबट पट्टा आहे. सकाळी मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. उपग्रहचित्रात तिथे काहीच नाही. उद्या तोच.