दारव्हा ते रोचेस्टर

2023 च्या ऑक्टोबरात पहिल्या वेचणीला सीतादहीचा दहीभात कपाशीला दाखवला आणि तिसऱ्या दिवशी घर सोडलं. कापूस फुटून शेत पांढरं झालेलं असताना ते टाकून जायची माझी ही पहिलीच वेळ. शिकागोत नोकरीला असलेल्या धाकट्या भावाची छाती उघडायची होती आणि भावजयीच्या कडेवर सहा महिन्यांचं लेकरू होतं. घरून कोणीतरी जाणं भाग होतं.

जिना चढता चढता तो बेशुद्ध पडला होता. इकडे कॉलेजात असतानाही त्याला दम लागायचा. तेव्हा एका डॉक्टरांनी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या आणि आम्ही त्यावर विश्वास ठेवला. तिकडे इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढला तेव्हा कळलं, हृदयाच्या दोन खालच्या कप्प्यांमधला पडदा 24 मिलिमीटर जाड झालाय. तो साधारण 10-11 मिलिमीटरपर्यंतच असतो. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी. जाड झालेला स्नायू बाहेर पडणाऱ्या रक्ताच्या वाटेतच येतो. औषधांनी भागेना, म्हणून तो जादा स्नायू कापून काढायचं ठरलं. ही शस्त्रक्रिया आपल्याकडेही होते, पण जिथे ती नेहमीची आहे अशाच ठिकाणी करा, असं त्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून मिनेसोटातलं रोचेस्टर, मेयो क्लिनिक. कंपनीचा विमा होता म्हणूनच हे जमलं. आमचं सगळं वावर विकूनही ते बिल फिटलं नसतं.

व्हिसासाठी मुंबईला जावं लागलं. खिडकीपलीकडच्या बाईंनी विचारलं, परत कधी येणार? मी म्हटलं, दुसऱ्या वेचणीआधी.

यवतमाळ, कळंब, देवळी, वर्धा करत नागपूर गाठलं. तिथून दोहा, दोह्याहून शिकागो. त्या प्रवासातलं मला फारसं आठवत नाही. मनात भावाचा चेहरा होता.

शिकागोहून पुढे सुमारे साडेपाचशे किलोमीटर त्याच्या मित्राने गाडी चालवली. ला क्रॉसजवळ मिसिसिपी ओलांडली तेव्हा मी नकळत हात जोडले. आमच्याकडे नदी लागली की जोडतातच. पलीकडे मैलोन् मैल वाळलेला मका, कापणीची अजस्र यंत्रं. एवढं मोठं हृदयाचं हॉस्पिटल अशा शेतशिवारात कसं, हे मला कळेना. गावात शिरताना मक्याच्या कणसाच्या आकाराची पाण्याची टाकी दिसली, पिवळे दाणे, हिरवी पानं, आणि मला एकदम बरं वाटलं. हे शेतकऱ्यांचंच गाव होतं.

त्या हॉस्पिटलची गोष्टही तशीच आहे. 1883 च्या ऑगस्टमध्ये वादळाने गावाचा मोठा भाग उद्ध्वस्त केला. जखमींना ठेवायला जागा नव्हती. तेव्हा मदर आल्फ्रेड या ख्रिस्ती जोगिणीने डॉ. विल्यम मेयोंना सांगितलं, हॉस्पिटल आम्ही बांधतो, तुम्ही सांभाळा. 1889 मध्ये सेंट मेरीज उघडलं, अवघ्या 27 खाटांचं. मेयोच्याच डॉ. जॉन कर्कलिन यांनी 1955 मध्ये हार्ट-लंग मशीन, म्हणजे तेवढा वेळ हृदय-फुप्फुसांचं काम करणारं यंत्र, लावून हृदय उघडायला सुरुवात केली. आमच्या सेवाग्रामचं कस्तुरबा हॉस्पिटलही गावातच उभं राहिलं, ते सारखं आठवत होतं.

दुसऱ्या दिवशीची तपासणी मी कधी विसरणार नाही. डॉक्टरांनी भावाला उकिडवं बसवलं, स्टेथोस्कोप छातीवर ठेवला आणि म्हणाले, आता उभे राहा. तो उभा राहिला. ते डोळे मिटून ऐकत होते. उठून उभं राहिलं की हृदयात परतणारं रक्त घटतं, वाट आणखी अरुंद होते आणि आतला आवाज वाढतो, असं त्यांनी समजावलं. मग विचारलं, घरात कोणी तरुणपणी अचानक गेलंय का?

माझ्या पायातलं बळच गेलं. 1991 च्या मृगात बाबा उकिडवे बसून सरकी टोबत होते. उठले आणि कोसळले. 39 वर्षांचे होते. सगळ्यांनी म्हटलं, ऊन लागलं. मीही बत्तीस वर्षं तेच सांगत आले होते.

भावाने माझा हात धरला. "रडू नको व ताई. बाबाले कोणी तपासलंच नव्हतं नं."

हा आजार रक्ताच्या नात्यात उतरतो. आईबापांपैकी एकाला असेल तर प्रत्येक लेकराला निम्मी शक्यता. भावंडांनी आणि मुलांनी ईसीजी आणि इको काढलाच पाहिजे, असं डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले.

शस्त्रक्रियेच्या दिवशी मी आणि भावजय चॅपलमध्ये बसलो. महाधमनीच्या झडपेतून आत शिरून ते स्नायू कापतात, हृदयाला बाहेरून छेद देत नाहीत. आधी अडथळ्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातला फरक 92 होता, नंतर 6 झाला. तिसऱ्या दिवशी छातीशी उशी धरून खोकत खोकत तो वऱ्हांड्याच्या टोकापर्यंत चालला. "ताई, दम नाही लागून राहिला मले," म्हणाला. लहानपणापासून त्याच्या तोंडून हे वाक्य मी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या वेचणीला मी परतले. कापूस जिनिंगला पोचवून यवतमाळला इको काढला. माझा पडदा 16 मिलिमीटर निघाला. वाट मोकळी आहे, म्हणून सध्या एक गोळी आणि दरवर्षी तपासणी. जड ओझी उचलणं बंद केलं. लेक चौदा वर्षांची, कबड्डी खेळते. तिला अंधाऱ्या खोलीत डाव्या कुशीवर झोपवलं तेव्हा मी मशीनच्या स्क्रीनवर बघायचं टाळलं. इको काढणाऱ्या मॅडमनी दोनदा मोजलं. 8 मिलिमीटर. पण वाढ पूर्ण होईपर्यंत वरचेवर बघावं लागेल, आज नाही म्हणून उद्या होणार नाही असं नसतं.

चुलतभावांनाही निरोप दिलेत. त्यातले दोघे अजून यवतमाळला आलेले नाहीत. तूर निघाली की येतो, म्हणतात. मी रोज फोन करते.