हेलसिंकीहून टोकियो: साडेनऊचे तेरा तास

मी ऑफिसच्या कामासाठी हेलसिंकीहून, म्हणजे फिनलंडच्या राजधानीतून, टोकियोला निघालो की आईचा फोनवर ठरलेला प्रश्न असतो, "किती तास लागतात रे तुला?" 2019 साली मी बेधडक "साडेनऊ" म्हणायचो. आता "तेरा" म्हणतो, आणि ती दरवेळी विचारते, "विमानं हळू उडायला लागली का?"

विमानं तीच आहेत, वेगही तोच, ताशी नऊशे किलोमीटरच्या घरात. बदलला तो रस्ता. भिंतीवरच्या सपाट नकाशात दोन्ही शहरं पट्टीने जोडली की रेघ मध्य आशियातून जाते. पण मुलाच्या पृथ्वीगोलावर मी दोरा ताणून बघितला, तर तो आधी वर सरकला, आर्क्टिक वृत्ताला जेमतेम शिवला आणि सायबेरियावरून खाली उतरला. हे साधारण 7,800 किलोमीटर, म्हणजे सगळ्यात जवळची वाट. पण दोऱ्याचा मधला जवळजवळ सगळा भाग रशियावर!

फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनवर हल्ला झाला, युरोपने रशियन विमानांना आकाश बंद केलं, रशियानेही तेच केलं. तेव्हापासून आमचं विमान एकतर दक्षिणेकडून, तुर्कस्तान, कझाकस्तान, चीन करत जातं, नाहीतर थेट उत्तर ध्रुवावरून अलास्काच्या बाजूने. हिशेब केला तर सहज तीनेक हजार किलोमीटरचा वळसा. गंमत म्हणजे हे नवीन नाही. 1983 मध्ये फिनएअर या फिनलंडच्या विमान कंपनीने टोकियोची विनाथांबा सेवा सुरू केली, तीही सोव्हिएत हद्द टाळून, ध्रुवावरूनच. तेव्हाही तेरा तासच लागायचे. चाळीस वर्षांत आपण फिरून तिथेच.

ध्रुवाजवळ मी मुद्दाम जागा राहिलो होतो. समोरच्या पडद्यावरचं चिमुकलं विमान उत्तरेकडे सरकत होतं, आणि एका क्षणी, न वळता, ते दक्षिणेकडे निघालं. खिडकीबाहेर काळोख, आत बहुतेक जण घोरत होते. बाहेरचं तापमान उणे साठच्या आसपास दिसत होतं. आपल्या डोक्यात लगेच किडा: इंधन गोठलं तर? विमानाचं नेहमीचं इंधन उणे 47 ला गोठायला लागतं, पण टाकीतलं तेल बाहेरच्या हवेइतकं थंड व्हायला वेळ लागतो. आणि फारच थंडावलं तर वैमानिक वेग वाढवतात किंवा थोडे खाली, उबदार थरात येतात. हे वाचल्यावर मला झोप लागली.

घड्याळाचा गोंधळ मात्र कायम. हिवाळ्यात जपान आमच्यापुढे सात तास. संध्याकाळी सहाला निघालो तर तिथे दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला उतरतो. परतताना रात्री दहाला बसलो की इथे पहाटे चारलाच दाखल.

आईने बोटांवर मोजलं. "म्हणजे येताना सहाच तास लागतात की! मग जातानाही त्याच विमानाने जात जा."