तुम्ही विचारलंत म्हणून: ते सात तारे मला का नाही सापडले

जुलै २०२४मध्ये ओमेगा सेंटॉरी या तारकागुच्छाच्या गाभ्यातल्या सात वेगवान ताऱ्यांची बातमी आली. तेव्हापासून घरचे, मित्र, आकाशदर्शनाच्या ग्रुपवरचे, सगळे एकच विचारतात: हबल अवकाश दुर्बिणीची छायाचित्रं तर कुणालाही मिळतात, तूही याच तारकागुच्छावर इतकी वर्षं काढलीस, मग तुला कसे नाही दिसले?

दिसायला ते काही पळताना दिसत नाहीत हो. गुच्छ सुमारे १८ हजार प्रकाशवर्षं दूर. तिथला तारा सेकंदाला २० किलोमीटर वेगाने धावला, तरी दहा वर्षांत सरकतो तो पिक्सेलच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतका. तेवढंच मोजायचं, तेही शेजारच्या ताऱ्यांच्या आधाराने जुनं चित्र नव्यावर बसवून.

मला एक सापडला होता. पीएचडीचं तिसरं वर्ष, माझ्या यादीतला क्रमांक ४१७, वेग सेकंदाला ९० किलोमीटर. गुच्छाच्या पकडीतून सुटायला ६२ पुरतात. तरीही हा गाभ्यातच, म्हणजे त्याला धरून ठेवणारं कृष्णविवर हवं. तिथे रात्रीचे दोन वाजले होते. पुण्याला फोन लावला, बाबांनी सकाळीच शेजारीपाजारी सांगून टाकलं.

अकराव्या दिवशी मी त्या ताऱ्याभोवतालच्या पंचवीस पिक्सेलचे आकडे कागदावर छापले आणि पेन्सिल घेऊन बसले. उजवीकडच्या एका चौकटीत प्रकाश जास्त होता. जुनं चित्र निळ्या फिल्टरमधलं, नवं लाल. शेजारी चिकटलेला एक अंधुक तांबडा तारा निळ्यात जवळजवळ नव्हताच, लालमध्ये मात्र त्याने प्रकाशाचा मध्य आपल्याकडे ओढला होता. तारा हलला नव्हता. सेमिनारची तारीख ठरलेली होती. उभी राहिले, चूक सांगितली, खाली बसले. बाबांना सांगायला आणखी आठवडा घेतला.

दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं, तसं झालं. ज्या ताऱ्यात शेजाऱ्याचा प्रकाश मिसळतो तो बाद, अशी कडक अट मी घातली. तेव्हा मला ती शहाणपणाची वाटली. याच गुच्छात २००८मध्ये ४० हजार सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर सांगितलं गेलं आणि २०१०मध्ये हबलच्याच मोजणीने गुच्छाचा मध्यच दुसरीकडे दाखवला, दावा डळमळला. सात तारे शोधणाऱ्यांकडे २० वर्षांची पाचशेहून जास्त चित्रं होती, माझ्याकडे मूठभर. तेवढ्यावर अंधुक तारे टाकणंच योग्य होतं.

पण जुनी यादी मी पडताळली. त्या सातांपैकी दोन माझ्या बाद केलेल्यांत होते. तेव्हाची मी म्हणते, त्या मोजणीतली चूक वेगाएवढीच मोठी होती. खरं आहे ते. तरी एकदा तरी अट सैल करून पाहायला काय हरकत होती, याला तिच्याकडे उत्तर नाही. बातमी वाचून पोटात कळ आली होती, तीही खरी.

त्या सातांच्या वेगावरून गाभ्यात किमान ८,२०० सूर्यांचं वस्तुमान आहे, असं ते शोधणारे सांगतात. ते एकच कृष्णविवर की मेलेल्या ताऱ्यांची दाटी, हा वाद पल्सारच्या, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ स्पंदनं पाठवणाऱ्या मृत ताऱ्यांच्या, मोजणीवरून अजून चालू आहे. मी सध्या अट सैल करून यादी पुन्हा चालवते आहे. ४१७ आता त्यात दोन वेगळे तारे म्हणून आहे.