क्रिस्टोफेल हातानेच काढायचे

मी पुसद तालुक्यातल्या एका 33 केव्ही उपकेंद्रात यंत्रचालक आहे. शिक्षण इलेक्ट्रिकल डिप्लोमा. गेली काही वर्षं आइनस्टाइनच्या सापेक्षतेचं (रिलेटिव्हिटीचं) गणित स्वतःचं स्वतः शिकतोय. खेड्यात राहून, कॉलेज नाही, शिकवणारं कुणी नाही, तर हे जमतं का, असं मला विचारतात. जमतं. फक्त नुसतं वाचून जमत नाही.

माझी सुरुवात गुरुत्वाकर्षणापासून झालीच नाही, विजेपासून झाली. चुंबक स्थिर ठेवून तार हलवली तर तारेतल्या इलेक्ट्रॉनवर चुंबकीय बल येतं, म्हणून करंट वाहतो. तार स्थिर ठेवून चुंबक हलवलं तर बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे विद्युत क्षेत्र तयार होतं, म्हणून करंट वाहतो. मीटर दोन्ही वेळी आकडा तोच दाखवतो. मग कारणं दोन कशाला? आइनस्टाइनचा 1905 चा निबंध नेमका याच प्रश्नाने सुरू होतो. मी तो मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस यांच्या इंग्रजी अनुवादात वाचला. कोलकाता विद्यापीठाने 1920 मध्ये ते भाषांतर छापलं तेव्हा दोघंही तिशीच्या आतले होते. ज्यावर आपलं पोट चालतं त्या ट्रान्सफॉर्मरच्या नियमातून हा सगळा विषय निघाला, हे वाचून मी त्या रात्री फार खूश होतो.

स्पेशल रिलेटिव्हिटीचं, म्हणजे गुरुत्वाकर्षण सोडून उरलेल्या सापेक्षतेचं गणित दहावीच्या पुढे फारसं जात नाही. वर्गमूळ काढता आलं की झालं. म्युऑन हा इलेक्ट्रॉनसारखाच पण जड कण सरासरी 2.2 मायक्रोसेकंद जगतो. एवढ्या वेळात प्रकाशाच्या 99.8 टक्के वेगानेही तो जेमतेम 660 मीटर जाईल. पण तयार होतो कित्येक किलोमीटर उंचीवर आणि पोचतो जमिनीपर्यंत. त्या वेगाचा गॅमा, म्हणजे त्याचा वेळ आपल्याला किती पट ताणलेला दिसतो तो आकडा, काढला तर साधारण 16 येतो, आणि 660 मीटरचे दहा किलोमीटर होतात. हे गणित पाच मिनिटांचं आहे, बारावीतल्या कुठल्याही पोराने करून पाहावं. 1908 मध्ये मिन्कोव्हस्कीने काळ आणि अवकाश एका सूत्रात बसवले, तेही इथवर समजतं.

माणूस अडतो तो यापुढे. जनरल रिलेटिव्हिटीत, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सापेक्षतेत, अक्षरांना वर-खाली चिन्हं लागतात, आणि एकच अक्षर दोनदा आलं की बेरीज गृहीत धरायची असते. व्हिडिओत सगळं सोपं वाटतं, वही उघडली की हात चालत नाही. मी बेरजा पूर्ण लिहायला लागलो. एकही पद न गाळता, चारच्या चार. लाँगबुकची पानंच्या पानं भरली. दर तासाचं रीडिंग लॉगशीटवर चढवायचं आणि मधल्या वेळेत वही. रब्बीत गव्हाचं, हरभऱ्याचं ओलित सुरू असतं, शेतीचा फीडर रात्री चालू असतो, झोपायचा प्रश्नच नसतो.

खरं शिकलो मी एका गोलावर. चार मितींचं काही नाही, साधा चेंडूचा पृष्ठभाग. त्यावरचं अंतर मोजायला दोनच सहगुणक लागतात: उत्तर-दक्षिण दिशेचा आर वर्ग, आणि पूर्व-पश्चिम दिशेचा आर वर्ग गुणिले साइन वर्ग थीटा. आर म्हणजे त्रिज्या, थीटा म्हणजे उत्तर ध्रुवापासून मोजलेला कोन. पहिला कुठेही बदलत नाही. दुसरा बदलतो, तोही फक्त थीटाबरोबर. म्हणजे डिफरन्सिएशन करायचं तर एकच करायचं. जागेप्रमाणे हे सहगुणक कसे बदलतात ते सांगणाऱ्या पदांना क्रिस्टोफेलची चिन्हं म्हणतात. इथे ती दोनच हाती येतात: एक उणे साइन थीटा कॉस थीटा, दुसरं कॉट थीटा.

आता या पहिल्या चिन्हाचा अर्थ काय, यावर मी बरेच दिवस बसलो. पुसद साधारण 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथून नाकासमोर पूर्वेला निघालो आणि कुठेही वळलो नाही, तर आपण याच अक्षांशावर राहत नाही, हळूहळू दक्षिणेला विषुववृत्ताकडे सरकतो. अक्षांशावर टिकायचं तर सतत थोडं थोडं डावीकडे वळावं लागतं. ते वळणं किती, तेच हे चिन्ह सांगतं. विषुववृत्तावर थीटा 90 अंश, कॉस शून्य, चिन्हही शून्य. तिथे वळायची गरज नाही. उत्तर कागदावर आलं आणि पृथ्वीचा गोल डोळ्यापुढे फिरला, तेव्हा हा विषय आपला झाला असं मला वाटलं.

पण क्रिस्टोफेल शून्य नाही म्हणजे जागा वक्र, असं समजू नका. सपाट कागदावर पोलर कोऑर्डिनेट (केंद्रापासूनचं अंतर आणि कोन) घेतले तरी क्रिस्टोफेल निघतात. ते कोऑर्डिनेटचे असतात, कागदाचे नसतात. खरी वक्रता रीमानच्या टेन्सरमध्ये, म्हणजे क्रिस्टोफेलचं पुन्हा डिफरन्सिएशन करून निघणाऱ्या घटकांच्या संचात दिसते. कागदासाठी तो सगळा शून्य येतो आणि गोलासाठी येत नाही. गोलाची अदिश वक्रता, म्हणजे एकाच आकड्यात सांगितलेली वक्रता, येते 2 भागिले आर वर्ग.

आमच्या लाइनमन भाऊंनी एकदा वही पाहिली.

"काय लिवून राह्यले भाऊ? परीक्षा हाय काय?"

"परीक्षा नाही गा. पत्रा वाकवला तर त्याचं गणित काय होते, ते पाहून राह्यलो."

त्यांच्या घरी सोयाबीन ठेवायची पत्र्याची कोठी आहे. मी विचारलं, कोठीचं अंग गोल आहे, मग सपाट पत्र्याचं कसं झालं? म्हणे, "ते तर नुसतं गुंडाळलं ना. पण वरतं घुमटावानी टोपण पायजे असलं तर पत्रा बसतच नाही, ठोकाच लागते." मी वही पुढे केली आणि दाखवलं: कोठीच्या अंगाचे सगळे सहगुणक स्थिर, म्हणून वक्रता शून्य, घुमटाची शून्य नाही, म्हणून ठोकावं लागतं. पत्रा ताणल्याशिवाय त्यावरची अंतरं बदलत नाहीत आणि अंतरं बदलल्याशिवाय ही वक्रता येत नाही. गाउसने 1827 मध्ये सिद्ध केलं ते हेच. रीमानने 1854 मध्ये ते कितीही मितींसाठी मांडलं, आणि आइनस्टाइनपर्यंत ते पोचवलं त्याचा वर्गमित्र मार्सेल ग्रॉसमनने.

चार मितींत क्रिस्टोफेलची 40 स्वतंत्र चिन्हं असतात. आकडा ऐकून माणूस वही मिटतो. पण सूर्यासारख्या गोल, स्थिर ताऱ्याभोवतीचं, आइनस्टाइनच्या समीकरणांचं श्वार्झशिल्डने काढलेलं उत्तर घेतलं की 40 पैकी 9 उरतात. ती 9 कुणीही हाताने काढू शकतो, आणि काढावीच. त्यातली दोन काळाशी जोडलेली आहेत. वस्तूचा वेग कमी असला की गतीच्या समीकरणात त्यांतलं एकच उरतं, आणि तेच न्यूटनचं गुरुत्वाकर्षण.

म्हणून रबरी चादरीवर लोखंडी गोळा ठेवलेलं ते चित्र मला मुळीच पटत नाही. त्यात फक्त अवकाश वाकलेलं दिसतं. झाडावरून आंबा पडतो तो मुख्यतः काळाच्या सहगुणकामुळे. जमिनीवरचं घड्याळ दूर अवकाशातल्या घड्याळापेक्षा सेकंदाला एक नॅनोसेकंदही मागे पडत नाही, त्याहून कमीच. पण उंचीप्रमाणे हा फरक किती बदलतो ते काढून प्रकाशवेगाच्या वर्गाने गुणलं की आपले ओळखीचे 9.8 येतात. हे ज्याने स्वतः गुणून पाहिलं त्याला चादर लागत नाही.

बुधाचं गणितही केलं. दर फेरीला त्याची कक्षा 0.1035 विकलांनी (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) पुढे सरकते, शंभर वर्षांत 415 फेऱ्या, गुणाकार 43 विकला. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ लव्हेरिएने 1859 मध्ये बुधाच्या कक्षेत न जुळणारा जो हिशेब दाखवला, तो या आकड्याने जुळतो. मी मोबाइलचा कॅल्क्युलेटर दोनदा पुसून पुन्हा केलं, तेच आलं.

पैनगंगा ओलांडली की हिंगोली जिल्हा, आणि तिथे औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा होणार आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा. आपल्या भागातल्या पोरांनी तिथे नुसतं कुंपणावर काम करू नये, आत बसावं असं मला फार वाटतं. त्यासाठी हे गणित मराठीतून, सावकाश, एकही पायरी न गाळता कुणीतरी लिहायला हवं. माझी लाँगबुकं त्यासाठी कुणीही झेरॉक्स करून न्यावीत.

सध्या वैद्य मेट्रिक सुरू आहे. मेट्रिक म्हणजे अंतर मोजायच्या सगळ्या सहगुणकांचा तक्ता. प्रल्हाद चुनीलाल वैद्यांनी बनारसला वि. वा. नारळीकरांकडे काम करताना ते शोधलं, 1943 मध्ये प्रसिद्ध केलं. श्वार्झशिल्डचा तारा प्रकाश देत नाही, वैद्यांचा देतो, म्हणून त्याचं वस्तुमान घटत जातं. यात तिरपी, म्हणजे दोन वेगळ्या दिशांना जोडणारी पदं येतात, त्यामुळे व्यस्त मेट्रिक आधी मांडून घ्यावं लागतं. क्रिस्टोफेल झालेत. आता रिची टेन्सर, म्हणजे रीमानच्या घटकांच्या बेरजा करून निघणारा छोटा संच. त्याच्या 10 घटकांपैकी एकच उरतो आणि तो वस्तुमान घटण्याच्या दराशी बांधलेला असतो. पुसद, दिग्रस, उमरखेडच्या बाजूला कुणी यावर बसलं असेल तर कळवा, रविवारी सोबत करू.